खाडा नसलेली खाणावळ

एप्रिलमध्ये भाचीचा फोन आला. ती आणि भाचजावई उन्हाळ्यात पॅरिसला निघाले होते. विमानाची तिकिटं झाली होती, राहायची सोय झाली होती, आता एकच गोष्ट अडली होती. "मामा, तिथे एक म्युझियम पास मिळतो. एकदा काढला की पन्नासच्या वर ठिकाणी आत सोडतात. घ्यावा का?"

पॅरिस मी पाहिलेलं नाही, पण पास पाहिलेत. एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' हा पास मी आजवर तीनदा काढला आणि एकदाच वसूल केला. तो वसूल करताना जे शिकलो ते पॅरिसलाही लागू पडेल असं वाटलं, म्हणून तिला म्हटलं, थांब, आधी तुला खाणावळीची गोष्ट सांगतो.

नाशिकला शिकायला आलो तेव्हा आमच्या गल्लीत दोन खाणावळी होत्या. एकीत महिनाअखेरीला खाडे वजा व्हायचे. गावी गेलात, आजारी पडलात, मावशींना आदल्या रात्री सांगून ठेवलंत, की त्या जेवणाचे पैसे कापून मिळत. दुसरी जरा स्वस्त, पण तिथे खाडा धरत नसत. महिन्याचे पैसे आधी मोजायचे, मग जेवा नाहीतर उपाशी झोपा. मी दुसरीत जेवायचो. आणि पहिल्याच महिन्यात लक्षात आलं, की भूक नसली तरी मी तिकडे जातोय. एकदा तर अंगात ताप असताना गेलो, भातावर वरणाचं पाणी घेऊन चार घास कसेबसे गिळले आणि खाडा वाचवल्याच्या समाधानात परत येऊन आडवा झालो.

पर्यटनाचा पास म्हणजे ही दुसरी खाणावळ. मालकाचा नफा भाजीत नसतो, न आलेल्या माणसांत असतो. पन्नास जणांचे पैसे घ्यायचे आणि चाळिसांचा स्वयंपाक करायचा. युरोपातल्या मोठ्या शहरांचे खासगी पास साधारण याच तत्त्वावर चालतात. पास विकणारी कंपनी प्रत्येक ठिकाणाला दर प्रवेशामागे ठरलेली रक्कम देते, आणि ती दारावरच्या तिकिटापेक्षा कमी असते. तुम्ही जितकं फिराल तितका तिचा खर्च वाढतो. तुम्ही दुपारी कॉफी पीत बसलात, पाय दुखले म्हणून खोलीवर गेलात, पाऊस लागला, की तिचा फायदा. यात फसवणूक काही नाही. दुसऱ्या खाणावळीतल्या मावशी कुठे फसवत होत्या? आपण किती खाऊ शकतो याचा अंदाज आपल्याला नसतो आणि त्यांना असतो, एवढंच.

पण सगळे पास एका जातीचे नसतात, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. पॅरिसचा म्युझियम पास हा निव्वळ दारांचा पास आहे. लूव्र, ओर्से, व्हर्साय अशी दारं तो उघडतो. मेट्रोत तो चालत नाही, आणि ज्या आयफेल टॉवरसाठी निम्मी मंडळी तिथे जातात, तोही त्यात नाही. बर्लिनचं वेलकम कार्ड उलट, ते मुळात चाकांचं. बस, ट्राम, रेल्वे त्यावर चालते आणि संग्रहालयांच्या तिकिटावर काही टक्के सूट मिळते, फुकट प्रवेश नव्हे. रोमचा पास दोन्हींच्या मधला. ७२ तासांचा घेतला तर पहिली दोन ठिकाणं मोफत, पुढच्यांवर सवलत, आणि शहरातली बस-मेट्रो त्यात धरलेली. लंडन पासात ठिकाणं भरपूर, पण ट्यूब नाही. शिवाय लंडनमध्ये ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, टेट यांच्या कायमच्या दालनांना मुळात तिकीटच नाही. म्हणजे ज्याला फक्त म्युझियमं बघायची आहेत त्याने तिथे पास घेणं हे पाणपोईवर बिसलेरीची बाटली नेण्यासारखं. पास घेण्याआधी तो दाराचा आहे, चाकांचा आहे की नुसत्या सवलतीचा, एवढं बघितलं तरी अर्धं काम होतं.

आपला एसटीचा पास हा शुद्ध चाकांचा. तो १९८८ पासून चालू आहे. थॉमस कुकने हॉटेलांची आगाऊ कूपनं १८६८ मध्ये काढली, युरोपबाहेरच्या प्रवाशांसाठीचा युरेल पास १९५९ चा, तिथल्या तरुणांसाठीचा इंटररेल १९७२ चा. त्या माळेत आपली लालपरी फार उशिरा आली असं म्हणता येणार नाही. सुरुवातीला हा पास दहा दिवसांचा होता, आता चार किंवा सात दिवसांचा मिळतो. आगारात जायचं, फोटो आणि ओळखपत्र द्यायचं, पास घ्यायचा आणि एसटी जाईल तिथे जायचं. साध्या गाडीचा पास शिवशाहीत चालत नाही, तिचा वेगळा. पास दुसऱ्याला देता येत नाही. आणि पास म्हणजे आसन नव्हे. खिडकीची जागा हवी असेल तर आरक्षणाचे पैसे वेगळे मोजावे लागतात.

२०२५ च्या जुलैत महामंडळाने या पासाचे दर उतरवले. साध्या गाडीचा चार दिवसांचा पास १८१४ रुपयांवरून १३६४ वर आला, सात दिवसांचा ३१७१ वरून २३८२ वर. बातमी वाचली आणि मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. १३६४ भागिले चार, ३४१. २३८२ भागिले सात, ३४० आणि वर चिल्लर. म्हणजे चार दिवसांचा घ्या की सात दिवसांचा, दिवसाचा भाव तोच. जास्त दिवस घेतले की स्वस्त पडेल ही समजूत इथे खोटी. युरोपात मात्र बहुतेक पास जास्त दिवसांचे घेतले की दिवसामागे स्वस्त होत जातात, आणि त्या मोहाने माणूस दोन दिवसांचं काम असताना चार दिवसांचा पास घेऊन येतो.

आता या ३४१ रुपयांचे किलोमीटर किती? एसटीचं भाडं टप्प्यावर चालतं, एक टप्पा सहा किलोमीटरचा. २०२५ च्या जानेवारीत भाडेवाढ झाल्यापासून साध्या गाडीचा टप्पा १० रुपये ५ पैशांना पडतो. वरचे किरकोळ अधिभार सोडून दिले तर ३४१ रुपयांत साधारण ३४ टप्पे, म्हणजे २०३ किलोमीटर. रोज २०३ किलोमीटर बस पळाली तर पास फिटला. चार दिवसांत ८१४. त्याच्या आत राहिलात तर तिकिटं काढलेली बरी. जुन्या दराने हाच आकडा रोजचा २७० किलोमीटर आला असता. लाल गाडीतून सलग चार दिवस २७० किलोमीटर ज्याची पाठ सोसते त्याला पास काय, मानपत्र द्यायला हवं.

डिसेंबरात आम्ही नवरा-बायको निघालो. बेत असा: नाशिक ते छत्रपती संभाजीनगर, तिथून वेरूळ करून परत मुक्काम. दुसऱ्या दिवशी अजिंठा, तसंच पुढे जळगाव. तिसऱ्या दिवशी जळगावहून धुळ्यावरून नाशिक. रविवारी पहाटे निघायचं ठरलं होतं. शनिवारी दुपारी बायकोने विचारलं, "सोमवारी अजिंठा उघडं असतं का?"

नसतं. अजिंठा सोमवारी बंद आणि वेरूळ मंगळवारी बंद. इतक्या वर्षांत मला हे कधी लक्षात ठेवावं लागलं नव्हतं, कारण तिकीट काढून जाणाऱ्याला काय, आज नाही तर उद्या. पासवाल्याचा मात्र पास मध्यरात्री सुरू झाला की झाला. रविवारी निघालो तर पहिल्या दिवशी वेरूळ मिळतं आणि दुसऱ्या दिवशी अजिंठ्याचं दार बंद. मंगळवारी निघालो तर वेरूळच बंद. सोमवारी निघालं तर सोमवारी वेरूळ उघडं, मंगळवारी अजिंठा उघडं, दोन्ही सापडतात. एका दिवसाने बेत पुढे ढकलला.

ही गोष्ट भाचीला सांगितली तेव्हा ती फोनवर हसायला लागली. पॅरिसमध्ये ओर्से सोमवारी बंद असतं आणि लूव्र मंगळवारी. वारही तेच! जणू पॅरिसच्या म्युझियमवाल्यांनी आणि आपल्या पुरातत्त्व खात्याने एका पंचांगावरून सुट्ट्या काढल्या आहेत. व्हर्सायचा राजवाडाही सोमवारी बंद. म्हणजे पॅरिसमध्ये दोन दिवसांचा पास रविवारी सकाळी सुरू करणारा माणूस सोमवारी ओर्सेच्या पायरीवर उभा राहून आपल्या पासाकडे बघत बसणार, आणि मंगळवारी लूव्रला जाईन म्हणाला तर तेही नाही.

मात्र तिकडच्या पासात आणि आपल्या पासात एक मोठा फरक आहे, आणि तो तिच्या फायद्याचा. एसटीचा दिवस मध्यरात्री सुरू होतो आणि मध्यरात्री संपतो. रात्री अकराला गाडीत बसलात तरी तो दिवस गेला, आणि शेवटच्या दिवशी बाराच्या ठोक्यानंतर गाडीत असाल तर पुढचं तिकीट काढायचं. पॅरिसचा पास तासांवर चालतो: ४८, ९६ किंवा १४४ तास, आणि घड्याळ पहिल्या दारावर सुरू होतं. लूव्र बुधवारी आणि शुक्रवारी रात्री नऊपर्यंत उघडं असतं. बुधवारी संध्याकाळी लूव्रच्या दारात पास सुरू केला तर तो शुक्रवारी संध्याकाळपर्यंत चालतो. बुधवारची संध्याकाळ, सबंध गुरुवार, जवळजवळ सबंध शुक्रवार. कॅलेंडरचे तीन दिवस दोन दिवसांच्या भावात. गुरुवारी ओर्से रात्री पावणेदहापर्यंत उघडं असतं, ते वेगळंच. ओर्सेची इमारत मुळात १९०० साली बांधलेलं रेल्वे स्टेशन आहे, १९८६ मध्ये तिचं म्युझियम झालं. एसटीच्या माणसाने तिथे आधी जायला हवं, असं माझं मत.

आमच्या सहलीकडे परत येतो. नाशिक ते संभाजीनगर सुमारे १९० किलोमीटर, वेरूळला जाऊन येऊन ६०. दुसऱ्या दिवशी अजिंठ्यापर्यंत १००, पुढे जळगावपर्यंत ६०. जळगावात रात्री भरीत-भाकरी झाली, त्याला पास लागला नाही. तिसऱ्या दिवशी जळगाव-धुळे-नाशिक २५०. एकूण ६६०. संध्याकाळी घरी आलो, अंघोळ केली, वही उघडली. ६६० किलोमीटर म्हणजे ११० टप्पे, म्हणजे ११०५ रुपये आणि पन्नास पैसे. पास १३६४ चा. अजून १५४ किलोमीटर बस पळायची होती आणि हातात एक दिवस होता.

बायको म्हणाली, "उद्या मी उठणार नाही." तिला तसं म्हणता येत होतं, कारण तिने पास काढलाच नव्हता. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. तीन दिवसांचे तिचे ५५३ रुपये झाले. पासाच्या दरपत्रकात प्रौढ आणि लहान मूल एवढेच दोन रकाने, त्यात बाईला वेगळा भाव नाही. पूर्ण पैशांचा पास काढून तो अर्ध्या तिकिटाशी फेडायचा म्हणजे तिला रोज ४०७ किलोमीटर जावं लागलं असतं. चार दिवसांत सोळाशेच्या वर. तेवढ्यात ती नाशिकहून नागपूरला जाऊन परतही आली असती. आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तर २६ ऑगस्ट २०२२ पासून एसटी फुकटच आहे, त्यांनी या पासाची चौकशीही करू नये.

घरातल्या प्रत्येक माणसाचा हिशेब वेगळा करायचा, हे मला त्या रात्री कळलं. भाचीला मी हेच पहिलं सांगितलं. तिच्याबरोबर तिची चुलतबहीण आणि त्या बहिणीची दोन मुलं जाणार होती, एक बारा वर्षांचं, एक नऊ. फ्रान्सच्या राष्ट्रीय संग्रहालयांत अठरा वर्षांखालच्या मुलांना, कुठल्याही देशाची असोत, प्रवेश मोफत आहे. मुलांना पास घेणं म्हणजे पंधरा वर्षांखालच्या मुलाचं वेरूळचं तिकीट काढण्यासारखं. तेही आपल्याकडे लागत नाही. मोठ्यांच्या बाबतीत मात्र उलटी गोष्ट झाली आहे. २०२६ च्या जानेवारीपासून लूव्रने युरोपबाहेरच्या पाहुण्यांना वेगळा, चढा दर लावला, २२ युरोचे ३२ झाले. भाची चिडली होती. मी म्हटलं, चिडू नकोस. वेरूळला आपण चाळीस रुपये देतो आणि परदेशी माणूस सहाशे देतो, पंधरा पट. त्या मानाने पॅरिसवाले सौम्य आहेत. आणि एकट्या लूव्रचे दहा युरो वाढल्याने आपल्या लोकांसाठी पासाचं पारडं थोडं जड झालं, तेही खरंच.

चौथ्या दिवशी सकाळी सहाला मी एकटा नाशिकच्या जुन्या सीबीएसवर, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर होतो. सप्तशृंगीगडाची गाडी पकडली. नांदुरीच्या पुढचा घाट, वरची धुक्याची टोपी, सगळं छान होतं. वरती २०१८ मध्ये सुरू झालेली फ्युनिक्युलर ट्रॉली आहे. तिचं तिकीट काढलं, कारण ती पासात येत नाही. दर्शन झालं. जाऊन-येऊन १२० किलोमीटर. दुपारी दोनला परत सीबीएसवर. मनातल्या मनात वजाबाकी केली, १५४ वजा १२०. चौतीस उरले. जेवायला घरी जाऊन झोपता आलं असतं. त्याऐवजी मी त्र्यंबकच्या गाडीत बसलो. आयुष्यात पहिल्यांदा त्र्यंबकेश्वराला गेलो ते देवासाठी नव्हे, चौतीस किलोमीटरसाठी.

ब्रह्मगिरीवर ऊन उतरत होतं आणि मी मंदिराच्या रांगेत उभा राहून टप्पे मोजत होतो. एकूण ८४० किलोमीटर. १४० टप्पे. १४०७ रुपये. पास वसूल होऊन वर ४३ रुपये सुटले होते. त्यांचा परतीच्या वाटेवर चहा आणि भजी झाली.

रांगेत शेजारचा गृहस्थ सांगत होता, की दोनशे रुपयांचं देणगी दर्शन घेतलं असतं तर एव्हाना बाहेर असतो. रांग टाळण्याचे पैसे ही कल्पना आपल्याला नवी नाही, शिर्डी-त्र्यंबकने ती आपल्या हाडात मुरवली आहे. म्हणूनच युरोपातल्या पासावर 'रांग टाळा' असं लिहिलेलं दिसलं की आपला माणूस खूश होतो. पण तिथे टळते ती तिकीटखिडकीची रांग. सुरक्षा तपासणीची रांग सगळ्यांना सारखीच. आणि लूव्रला पास असला तरी आधी वेळ राखून ठेवावी लागते. रोमच्या कोलोसियमलाही तेच. एसटीत जसा पास वेगळा आणि आसन वेगळं, तसं तिथे पास वेगळा आणि वेळ वेगळी. गर्दीच्या दिवसांत त्या वेळा आधीच संपतात आणि पास खिशात राहतो. तेव्हा आधी लूव्रची वेळ बघायची, ती मिळत असेल तर पास. उलट क्रमाने गेलेले लोक परत येऊन पासाला शिव्या देतात.

आता खुद्द नाशिकचं. मुंबई-पुण्याचे पाहुणे आले की विचारतात, नाशिक दर्शनाचा पास नाही का हो? एकेकाळी एसटीची 'नाशिक दर्शन' बस सीबीएसवरून सुटायची, एका तिकिटात दिवसभर फिरवून आणायची. तो आमचा पास. पुढे शहरातली बस एसटीकडून गेली. ८ जुलै २०२१ पासून ती महापालिकेची सिटीलिंक चालवते, आणि तिच्यात एसटीचा पास दाखवून उपयोग नाही. सिटीलिंक त्र्यंबकलाही जाते, म्हणून सीबीएसवर उभं राहून आपली गाडी कोणती हे पासवाल्याने नीट बघावं. रामकुंडावर उतरलात की रिक्षावाले पंचवटी दर्शनाचा एकरकमी भाव सांगतात, तोही एक पासच म्हणायचा. घासाघीस होते, एवढं पॅरिसपेक्षा जास्त.

पण नाशिकला पॅरिससारखा दारांचा पास निघणार नाही, कारण इथे दारांना पैसेच नाहीत. रामकुंड उघडं. नारोशंकराचं देऊळ १७४७ चं, ते उघडं. सुंदरनारायण १७५६ चं, तेही. काळाराम मंदिर सरदार रंगराव ओढेकरांनी बांधलं, तिथेही तिकीट नाही. सगळं एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर. म्हणून पाहुण्यांना मी सांगतो, चपला जुन्या घाला आणि सकाळी लवकर निघा, पास तुमचे पाय.

अर्थात तिकीट नसलेलं दार सगळ्यांना उघडं असतंच असं नाही. काळारामाच्याच दारात २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांसारखे नाशिकचे कार्यकर्ते तो पुढे कित्येक वर्षं चालवत राहिले, आणि त्या वर्षांत ते दार त्यांच्यासाठी उघडलं नाही. आत जायला पैसा लागत नव्हता, जात लागत होती. नाशिकमधल्या फुकट दारांविषयी बोलताना मी पाहुण्यांना हेही सांगतो, मग ते पूर्व दरवाजासमोर जरा वेळ थांबतात.

चाकांचा पास ही चीजच हळूहळू कालबाह्य होईल, असं लंडनकडे बघून वाटतं. तिथल्या बस-ट्यूबमध्ये बँकेचं साधं कार्ड टेकवायचं. बसमध्ये २०१२ पासून आणि ट्यूबमध्ये २०१४ पासून ते चालतं. प्रत्येक प्रवासाचे पैसे कापले जातात, पण दिवसाची एक कमाल मर्यादा ठरलेली असते. ती गाठली की पुढचा प्रवास मोफत. म्हणजे पास आधी काढायचाच नाही. दिवसभर फिरा, रात्री यंत्र हिशेब करतं आणि पास स्वस्त पडला असता तर पासाएवढेच पैसे घेतं. कमी फिरलात तर कमी. ही खाडा धरणारी खाणावळ! एसटीने अशी काही सोय केली असती तर मी चौथ्या दिवशी घरी झोपलो असतो, आणि सप्तशृंगीही राहिली असती आणि त्र्यंबकही. चांगलं झालं असतं की वाईट, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. लक्झेंबर्गने तर हा प्रश्नच मिटवला. २९ फेब्रुवारी २०२० पासून त्या सबंध देशात बस, ट्राम, रेल्वेचा साधा वर्ग फुकट आहे. राजधानीत उतरायचं आणि बसायचं. जगात असं करणारा पहिला देश म्हणून त्यांचं फार कौतुक झालं.

ते कौतुक वाचलं तेव्हा मला दहा नंबरचं लेणं आठवलं.

नाशिकच्या दक्षिणेला, मुंबई-आग्रा रस्त्याच्या कडेला, त्रिरश्मी डोंगरावर चोवीस लेणी आहेत. लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात, पांडवांचा संबंध नाही, बौद्ध भिक्खूंचे विहार आहेत. त्यांतलं दहावं लेणं क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने खोदवलं. काळ इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातला मानतात. ओसरीच्या भिंतीवर ब्राह्मी लिपीत त्याचा लांबलचक लेख आहे. बरेचसे लोक खांबांची घंटेसारखी शीर्षं बघतात, फोटो काढतात आणि निघतात. लेख बघत नाहीत, बघितला तरी वाचता येत नाही. त्यात उषवदाताने आपली दानं मोजली आहेत. गाई दिल्या, गावं दिली, भडोच, मंदसोर, सोपारा आणि आपल्याजवळचं गोवर्धन इथे उतरायला धर्मशाळा बांधल्या. आणि मग नद्यांची नावं येतात. दमण, पार, तापी, डहाणूचं पाणी आणि आणखी दोन. या नद्या ओलांडण्यासाठी त्याने नावा ठेवल्या. त्या नावांना पैसे पडत नसत. दोन्ही काठांवर वाटसरूंना बसायला निवारे केले, पाणपोया घातल्या.

नकाशा समोर ठेवून बघा. दमणगंगा आणि पार नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरांत उगम पावून गुजरातकडे जातात. ही सगळी वाट म्हणजे घाटमाथ्यावरच्या बाजारापासून किनाऱ्यावरच्या बंदरांपर्यंतची व्यापाराची वाट. धर्मशाळा बघितल्या तर त्या त्या वाटेच्या टोकांना. नाव, निवारा, पाणी, मुक्काम, सगळं धरलेलं. पुण्य त्याला हवं होतंच, लेखात तसं ते दिसतंच. पण ज्या राजवटीचं उत्पन्न बंदरांवर होतं, तिला नदीकाठी अडकलेला व्यापारी परवडणारा नव्हता, हेही मला दिसतं. लक्झेंबर्गनेही रस्त्यावरची मोटारींची कोंडी बघूनच बस फुकट केली.

भाचीने शेवटी ४८ तासांचाच पास घेतला. बुधवारी संध्याकाळी लूव्र, गुरुवारी व्हर्साय आणि रात्री ओर्से, असं मी तिला आखून दिलं होतं. व्हर्सायला ती गेलीच नाही. गुरुवारी सकाळी मुलांना नोत्र दामच्या समोरच्या चौकात कबुतरं सापडली आणि अर्धा दिवस तिथेच गेला. २०२४ च्या डिसेंबरात आगीनंतर परत उघडलेल्या त्या चर्चला तिकीट नाही. "एक खाडा पडला, मामा," तिने फोनवर सांगितलं. आवाजात दुःख काही नव्हतं.

ती परत आल्यावर आम्ही सगळे त्रिरश्मीला गेलो. पायथ्याशी तिकीटखिडकी आहे. रोख दिले तर माणशी पंचवीस, ऑनलाइन काढलं तर वीस, मुलांना नाही. दोनशेएक पायऱ्या चढून, धापा टाकत, आम्ही दहाव्या लेण्याच्या ओसरीत पोचलो. मी भिंतीकडे बोट दाखवून फुकटच्या होड्यांची गोष्ट सांगितली. दमणगंगा, पार, तापी. मुलं ऐकत होती. बायकोने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि याचे टप्पे किती होतात?"